कळसासकट

पनवेलच्या पोस्टात त्या दिवशी एका पुरातन देवळाचं चित्र असलेला खास शिक्का मिळणार होता, तोही एकच दिवस. आम्ही तिकिटं जमवणारी पंधरा-वीस शहाणी माणसं लिफाफे घेऊन रांगेत उभी होतो. लिफाफ्यात पत्र नाही, वर पत्ता नाही. फक्त तिकीट, आणि त्यावर हवा तो शिक्का.

शिक्का मारायला बसलेला माणूस नेऱ्याकडचा होता. तोंडात पान, मनगटापर्यंत शाई. तिकीट कुणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याने आयुष्यभर झुरळ मारावं तसे शिक्के हाणलेले. आणि आम्ही त्याला बाळाला तीट लावायला सांगावं तसं "हळू, हळू" करत होतो. बाकीच्यांची तीट नीट लागली. माझ्या वेळी मागे फोन वाजला, त्याचं लक्ष गेलं आणि हात जुन्या सवयीवर गेला. धाड!

"अहो, कळस गेला की! वर नुसता डाग!"

त्याने लिफाफा डोळ्यांजवळ नेला. "कलस तिथंपन नाय, सायेब. आमच्याच गावचा देऊल हाय. माज्या आज्यानंपन कवा बगला नाय. चित्र काडनाऱ्यानं हौसेनं लावलाय. तुमच्यातला कोन गेलता का तिथं?"

रांगेतले सगळे अभ्यासक आपापल्या लिफाफ्यांवर फुंकर घालू लागले.

पुढे प्रदर्शनात बाकी सगळ्यांचे लिफाफे लागले, स्वच्छ, कळसासकट. त्या देवळाचं एकमेव खरं चित्र माझ्याकडे होतं. परीक्षकांनी ते 'शिक्का खराब' म्हणून परत केलं.