खुंटीवरचा गज

आमच्या घरी एक ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांपासून भात राखायला परवान्यावर मिळालेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागच्या भाद्रपदात गेले आणि रीतसर ती ह्यांच्या नावावर झाली. झालं, मला इथे ठेवून सगळा जन्म मुंबईत नोकरी करून गावी परतलेल्या माणसाला खेळणं मिळालं.

ह्यांनी मोबाइलवर काय काय वाचून काढलं. बंदूक मूळची गोऱ्यांच्या फौजेची, चापाजवळच्या पोलादी पट्टीवर अजून पुसट मुकुट दिसतो. त्याआधीच्या बंदुका गारगोटीच्या ठिणगीवर उडायच्या, पाऊस आला की शिपाई हात चोळत बसायचा. मग स्फोटक भरलेली तांब्याची इवलीशी टोपी आली. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि जाळ बारीक भोकातून नळीतल्या दारूपर्यंत जातो. गोऱ्या शिपायांच्या नळीला आतून पीळ असायचे, म्हणून गोळी गरगरत लांब जायची. सत्तावनच्या बंडानंतर देशी शिपायांना मात्र गुळगुळीत नळ्या दिल्या, पल्ला तोकडा राहावा म्हणून. "बघ, केवढा धसका घेतला होता आपला," हे मला भाकरी थापताना सांगायचे. बघितला धसका, आता जेवून घ्या, मी म्हणायची.

टोपी बसते ती चोच गंजून घट्ट झाली होती. ती गॅसच्या ज्योतीने तापवून सैल करायची म्हणून एका सकाळी हे बंदूक घेऊन नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. मी मागे पडवी आवरायला घेतली. मामंजींचा रेनकोट खुंटीवरून काढला. त्याच्या खाली गज लटकत होता.

बार ठासायचा हा लोखंडी गज एरवी नळीखालच्या खोबणीत असतो. पण भात पोटरीला आलं की मामंजी बंदूक भरून ठेवायचे आणि गज खुंटीला लावायचे. गज खुंटीला म्हणजे बार नळीत, मग बंदुकीला कोणी हात लावायचा नाही, असा घरचा शिरस्ता होता. त्याच दिवसांत ते अंथरुणाला लागले ते उठलेच नाहीत. भरलेल्या बंदुकीला हे जाळ लावायला निघाले होते.

फोन लावला, तर तो आतल्या खोलीत चार्जिंगला वाजला. गज हातात घेऊन तशीच शेजाऱ्यांच्या रिक्षात बसले. वाटेत देवाला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुकानात बंदूक पकडीत आवळलेली होती आणि हा शहाणा माणूस नळीच्या तोंडाशी डोळा लावून बसला होता. वेल्डिंगवाला चहा पीत होता. गॅस संपला होता, सिलिंडर खेडहून यायचा होता.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. हे हलले, माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच मटकन बसून रडले.

मग गज नळीत सोडला. नळी रिकामी असली की तो पुरता आत जातो, इथे वीतभर बाहेरच राहिला. दोघांचे चेहरे पांढरे पडले. पाणी ओतून दारू भिजवली आणि गजाच्या टोकाला मळसूत्र लावून सगळं बाहेर ओढलं. काथ्या, काळा चिखल, छर्रे. वेल्डिंगवाल्याने आमच्यासाठीही चहा मागवला. असा गोड चहा मी जन्मात प्यायले नाही.

घरी येईपर्यंत मी ह्यांना बोल बोल बोलले. भीती गेली की माझी जीभ सुटते. एवढी बंदूक वाचलीत, आणि आपल्या घरची रीत ठाऊक नाही? गावातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितली असती.

हे अंगणात काळे झालेले हात घेऊन उभे होते. हळूच म्हणाले, "मी इथे होतो कधी?"

"आता आहात ना," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतलं.