सबबरावांचा रिकामा रकाना

सबबराव बोलायचे चारचौघांसारखं, पण लिहायला लागले की थेट निजामाच्या दरबारात जाऊन बसायचे. कुणाची शेळी हरवली तरी कागदावर उतरायचं, "सदर शेळी काळ्या रंगाची असून स्वभावाने गरीब आहे. सबब, तिचा शोध घेऊन अर्जदारास उपकृत करावे." दर तिसऱ्या ओळीला सबब. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण आष्टीत ते कुणाला विचारलं असतं तर कुणी सांगू शकलं नसतं. तहसील कचेरीच्या भिंतीलगत, लिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं हा अर्जनवीस दुनियेच्या तक्रारी लिहीत बसला. येणाऱ्याला आधी जयभीम, मग पाणी, मग "हं, बोला, काय अन्याय झालाय?"

खोटं लिहायचं नाही, हा एक किडा मात्र त्यांच्या डोक्यात होता. एकदा एक जण आला, म्हणाला, "लिवा, दोनी डोळ्यांनी दिसत न्हाई."

सबबरावांनी पेन खाली ठेवलं. "बरं. मंग ही मोटरसायकल कोन चालवीत आणली?"

"काका, समदेच लिवून घेतेत की असं!"

"समदे जिथं लिवून घेतेत तिथं जा मंग."

असा माणूस धंद्यात तीस वर्षं टिकला कसा, हे मला आजही कळत नाही. कचेरीतले लोक सांगायचे, त्यांचं अक्षर दिसलं की साहेब अर्ज पूर्ण वाचायचे. असेल बाई.

त्यांचा धंदा बुडवला तो मी. उगाच साळसूदपणा कशाला! समोरच्या गाळ्यात मी ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं आणि सहा महिन्यांत लिंबाखालची माणसं रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मला वाटलं, म्हातारा शिव्या घालणार. तर एक दिवस ते आपली खुर्ची उचलून माझ्याच दुकानात आले. "ताई, झाडाखाली आता निस्ते कावळेच येतेत. अन् त्यान्ला अर्ज करायचा न्हाई." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी चहा मागवला.

त्रेपन्नाव्या वर्षी माणसाचं काम गेलं की गावाला सल्ल्यांचा पूर येतो. कुणी म्हणालं रसवंती टाका, कुणी म्हणालं शाळेवर वॉचमन व्हा. शेवटी ते विमा विकायला निघाले. पण गिऱ्हाइकासमोर बारीक अक्षरातला मजकूर आधी मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि तो पुरा होईस्तोवर गिऱ्हाईक उठून गेलेलं असायचं. एकच पॉलिसी खपली. ती मेहुण्यानं घेतली, तीही लाजेकाजेस्तव.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात सुजाता लग्नाची होती. नर्सिंग शिकलेली, बीडला दवाखान्यात नोकरीला लागलेली, गुणी पोर. आई लहानपणीच गेलेली. दोन स्थळं आली आणि दोन्ही एकाच प्रश्नावर परत फिरली: वडील काय करतात? सबबराव खरं सांगायचे, "काई न्हाई." झालं! तिसरं स्थळ तलवाड्याचं होतं. त्यांनी आधी बायोडाटा पाठवा म्हणून निरोप दिला.

तोवर सबबराव माझ्याकडे कॉम्प्युटर शिकू लागले होते. मशीननं 'नक्की पुढे जायचे का?' असं विचारलं की हे हात मागे घेऊन खरंच विचार करायचे. "इतक्या आदबीनं मला आजवर कुनी इचारलं न्हाई, ताई." तक्रारीच्या चौकोनात पाचशेच अक्षरं बसतात म्हटल्यावर मात्र भडकले. "मान्साची अडचण काय कापडावानी मोजून घ्यायची व्हय?"

बायोडाटा मीच करायला बसले. वडिलांचा व्यवसाय, या रकान्यापाशी आमची गाडी अडली.

"विमा सल्लागार टाकू?"

"एका पॉलिसीवर कुठं सल्लागार होतेत?"

"मग समाजसेवक. सगळे टाकतात."

"कुनाची केली सेवा? नाव सांगा."

माझा पारा चढला. "काका, एका शब्दापायी पोरीचं तिसरं स्थळ घालवाल तुम्ही!" बोलले आणि जीभ चावली. सबबराव मला उठवून माझ्या खुर्चीवर बसले आणि एका बोटानं अर्धा तास टकटक करत राहिले. मग माझ्याकडे न बघता कागद पाठवून मोकळे झाले. मी नंतर उघडून वाचला. 'वडिलांचा व्यवसाय: तीस वर्षे अर्जनवीस. ते काम आता राहिले नाही. सध्या शिकत आहेत.' मी कपाळावर हात मारून घेतला.

आठवड्यानं एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ तो कागद घेऊन दुकानात शिरले. मुलाचे वडील. नकार द्यायला माणूस इतक्या लांब येत नाही, एवढीच काय ती आशा.

"ते शिकनारे कोन?"

सबबराव शाळेत नाव पुकारल्यासारखे उभे राहिले. "मी."

गृहस्थ समोरच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ रुमालानं मान पुसत राहिले. "माजं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन साल झालं बंद हाय. पोराच्या कागदावर मी व्यापार लिवलंय. तुमचं वाचलं अन् लई लाज वाटली बगा." मग खाली बघून म्हणाले, "या वयात येतं का पर हे?"

"सावकास येतं." सबबराव कॉम्प्युटरपुढच्या बाकावर बसले आणि बाजूला सरकले.

गृहस्थ उठून शेजारी बसले. मोठ्या, जपून वागणाऱ्या बोटांनी माऊस उचलला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे धरायचं कसं, व्याही?"

लग्न असं ठरलं. मुलगी दाखवायची अजून राहिलीच होती. (तिनं मुलाला बीडला चहा पाजून आधीच पसंत केलं होतं, हे आम्हा शहाण्यांना मागाहून कळलं.)

व्याह्यांना सहा महिन्यांत सगळं यायला लागलं. मग दोघांनी तलवाड्याचं ते बंद दुकान उघडलं. तिथे फॉर्म भरतात, आणि पन्नाशीच्या पुढच्यांना कॉम्प्युटर शिकवतात. सुजाता नवऱ्याबरोबर बीडला राहिली. सासरी नांदायला गेले ते सबबराव. ट्रंक, वळकटी आणि आपली खुर्ची घेऊन ते एसटीत बसले, आणि सुजाताच्या लग्नात कोरड्या डोळ्यांनी जेवणावळ सांभाळणारी मी, आष्टीच्या स्टँडवर शंभर माणसांदेखत ओक्साबोक्शी रडले.