गैरसमज म्हणून मिटवलेली तक्रार

मिरजेच्या एका खाजगी दवाखान्यात मी सिस्टर आहे. बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत मला घेतलं होतं, ते मी कधी कुणाशी भांडत नाही म्हणून.

एक्स-रे विभागात औंधकडची एक मुलगी नवीन लागली होती. वडील फौजेतून निवृत्त झालेले. एके दुपारी ती ड्रेसिंगच्या खोलीत आली आणि दार लोटून म्हणाली, "सिस्टर, मॅनेजर सर फिल्म मोजायला म्हणून स्टोअरमध्ये बोलवत्यात आन् अंगाला हात लावत्यात. तिसऱ्यांदा झालं हे."

मी म्हणाले, "एकटी जाऊ नकोस तिथं. आणि ओढणी नीट पिन करत जा."

"ओढणीचा काय संबंध?" तिनं विचारलं. मी ड्रेसिंगचा ट्रे आवरायला घेतला.

तिनं लेखी तक्रार दिली. समितीच्या अध्यक्षा म्हणजे मालक डॉक्टरांच्या पत्नी. कायद्यानं लागतात त्या बाहेरच्या सदस्य बाई आल्याच नाहीत. अध्यक्षाबाईंनी तिला विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही बोललीस? कुणी पाहिलं का?" मॅनेजर समोरच्या खुर्चीत चहा पीत बसला होता.

त्याच माणसानं बारा वर्षांपूर्वी मला चादरींच्या कपाटाशी अडवलं होतं. मी वॉर्ड बदलून घेतला आणि गप्प बसले. त्या दिवशीही गप्पच बसले. अहवालात 'गैरसमज' असा शब्द लिहिला गेला. खाली मी सही केली.

जिन्यात ती थांबली होती. "एकटी जाऊ नको म्हनालासा तुमी. म्हंजी तुमाला म्हाईत हुतं." आवाज चढला नव्हता. आठवड्यात तिनं नोकरी सोडली.

सहा महिन्यांनी मी तिला शोधत सांगलीच्या एका लॅबमध्ये गेले. म्हणाले, "माझ्या बाबतीत काय झालं ते मी लिहून देते. तू वर तक्रार कर."

ती म्हणाली, "तवा तुमी बोलला असता तर मी अजून तिथं असते. आता मला त्या माणसाचं तोंड बघायचं न्हाई, सिस्टर." आणि तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तरी मी लिहून दिलं. अध्यक्षाबाईंनी कागद वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी?" मॅनेजर अजून तिथंच आहे. सकाळी समोर आला की हसून नमस्कार करतो. मी करत नाही. एवढंच माझ्याकडून झालं.