रकान्यातला देव

कागलहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अक्काताईची चहाची टपरी देवाच्या आधारावर उभी होती. म्हणजे खरोखरच. टपरीचा मागचा वासा कमरेएवढ्या शेंदरी दगडाला काथ्याने बांधलेला होता. १९९१ साली, नवरा गेल्यावर, तिने जागा निवडली ती तो दगड बघूनच. रस्त्याकडेची टपरी कोणीही हटवतं. देवाला टेकलेल्या टपरीला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो.

ती लिंगायत; तिचा स्वतःचा देव, इष्टलिंग, चांदीच्या डबीत तिच्या गळ्यात असे. "माझा देव माझ्यासंगं फिरतोय," ती म्हणे, "ह्यो बसल्या जागंचा हाय."

बसल्या जागचा हा देव कोण, या प्रश्नावर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

शेजारच्या शेताचे बाळासो दर अमावास्येला दगडाला शेंदूर-तेल लावत. वरच्या बाजूला नागाचे फणे अंधुक दिसत, म्हणून त्यांच्या लेखी तो नागोबा. "नागोबाच न्हवं?" "व्हय की." कागलातले गुळाचे व्यापारी पायगोंडाअण्णा चौगुले जाता-येता हात जोडत. सात फणे आहेत, म्हणजे खाली पार्श्वनाथच, असं त्यांचं म्हणणं. "व्हय की, अण्णा." कोल्हापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर स्कूटरवरून येत, दोन चहा पीत आणि सांगत, मावशी, हा बुद्ध असू शकतो, पावसात नागराजाने त्याच्यावर फणा धरला होता.

"व्हय की, सर. पावसाचं कुनीतरी धरायलाच पायजे."

तिला कळत नव्हतं असं नाही. उलट तिला एक गोष्ट पक्की कळली होती: तिघांपैकी कोणाचंही खरं ठरलं, तरी टपरी जाणार. बाळासो देऊळ बांधणार, अण्णा संगमरवरी चौथरा करून जाळी बसवणार, आणि सर तर दगडच उचलून संग्रहालयात नेणार.

२००२ च्या मे महिन्यात रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीला नागपूरकडचे एक साहेब आले. देवस्थान असेल तर रस्ता थोडा वळवू, नुसता दगड असेल तर हलवू आणि टपरीही उचलू, असं सांगून ते गेले. सोमवारी येऊन ते देवाचं नाव लिहून घेणार होते. कागदावर त्यासाठी एक रकाना होता.

रविवारी दुपारी उन्हाने शेंदराचं कवच तडकलं आणि खापरासारखं खाली आलं. आतून फणे निघाले, आणि त्यांच्याखाली मांडी घालून बसलेलं कोणीतरी. चेहरा झिजून सपाट झालेला. कोणीही आपला म्हणावा असा.

सोमवारी साहेबांच्या आधी तिघेही हजर होते.

"बघा, मांडी घातलीया," अण्णा म्हणाले. "नागोबाला मांडी कुठली?"

"देवाला काय बी असतं," बाळासो म्हणाले. "तुमी काय मोजून आलाय?"

सरांनी दोघांना थांबवलं. "यात भांडण्यासारखं काही नाही. नागाची पूजा फार जुनी, बहुधा आपल्या सगळ्यांच्या आधीची. पुढे जो जो पंथ आला, त्याने त्याने नाग आपल्या देवाजवळ आणला. जैनांनी आणि बौद्धांनी डोक्यावर धरला, विष्णूने अंथरूण केलं, शंकराने गळ्यात घातला."

"म्हंजी घर नागाचं," अक्काताई स्टोव्हला पंप मारत म्हणाली, "आन् बाकी समदी भाडेकरू."

सरांनी ते वहीत टिपून घेतलं. "म्हणूनच हा दगड संग्रहालयात पाहिजे," ते म्हणाले, आणि पुन्हा तिघेही एकदम बोलू लागले.

साहेब घामाने भिजले होते. "बाई, रकान्यात एकच नाव मावते. तुम्ही रोज इथं असता, तुम्हीच सांगा. या देवाचं नाव काय?"

अक्काताईने कपबशी पुढे केली. "पावणं—"

पावणं, आदी चा घ्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. परक्या माणसाला इकडे पावणंच म्हणतात. पण साहेबांनी पेन टेकवलंसुद्धा.

"पावणं? म्हणजे नवसाला पावते तो?"

तिघेही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने बशीत सांडलेला चहा निगुतीने कपात ओतला आणि कप साहेबांच्या हातात दिला.

"व्हय की."

रकान्यात 'श्री पावणोबा' असं नाव पडलं. बाळासोंना ते पटलं, कारण पावला तर नागोबाच पावणार. अण्णा म्हणाले, नाव काही का असेना, मूर्ती आमचीच. सरांनी 'पाहुणा देव' या विषयावर एक लेख लिहिला. कागदावरचं नाव तिघांपैकी कोणाचंच नसल्यामुळे देऊळ कोणी बांधायचं ते अजून ठरलेलं नाही.

रस्ता तिथे पाच हात वळला. कंडक्टर 'पावणोबा' म्हणून घंटी मारतात. टपरी दगडाला टेकून आहे. काथ्या तेवढा नवा आहे. एमआयडीसीकडे माल नेणारा एखादा ड्रायव्हर उतरतो, हात जोडावेत की नाही या विचारात विचारतो, मावशी, हा कोणता देव?

"तुमचा कोंचा हाय, पावणं?"

तो सांगतो.

"मग त्योच त्यो," अक्काताई म्हणते, आणि साखर किती टाकायची ते विचारते.