अक्कांचा हात

कोंबडी कापून झाली तरी अक्का तिच्या अंगावरचा हात लगेच उचलत नसत. ती पुरती शांत होईपर्यंत धरून बसत. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. जत भागातल्या आमच्या गावात हे काम पुरुषांचं. पण थोरले दीर फौजेत, आमचे हे दिवसभर पाण्याच्या टँकरवर, आणि सासऱ्यांचे हात थरथरायचे. म्हणून सुरी अक्कांकडे आली आणि त्यांच्याकडेच राहिली.

मी तासगावकडची. लग्न होऊन आले तेव्हा कोंबडी दुकानातूनच यायची एवढंच मला माहीत. अक्कांनी सगळं हळूहळू शिकवलं. आदल्या संध्याकाळी कोंबडी डालग्याखाली झाकायची. दाणे घालायचे नाहीत, नुसतं पाणी ठेवायचं. सकाळी सुताने पाय बांधायचे आणि पंख पायाखाली हलके दाबायचे. पहिल्यांदा मी तोंड फिरवून घेतलं, तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जाताना कुणीतरी धरल्यालं बरं असतंय. तेवढंच आपल्या हातात हाय."

पिसं काढायच्या पाण्याबद्दल मात्र त्या कडक होत्या. पाणी उकळलं तर कातडं सोलून येतं, कोमट राहिलं तर पिसं निघत नाहीत. त्या बोट बुडवून बघत आणि मान हलवत. मग कडब्याच्या जाळावर कोंबडी भाजायची, हळद चोळायची आणि पोट फाडताना पित्त जपायचं. ते फुटलं की सगळं कडू. माझ्याशी अक्का सर्वांत जास्त बोलल्या त्या अंगणातल्या याच कामात.

दीर सुट्टीवर आले की पहिल्याच सकाळी कोंबडा व्हायचा. अक्का कापत आणि दीर समोर बसून तो जाळावर फिरवत. दोघं फारसं बोलत नसत. मी चुलीपाशी असे. बाहेरून मधूनच त्यांचं हसणं ऐकू यायचं.

दीर गेले ते डोंगरातल्या रस्त्यावर. फौजेची गाडी दरीत कोसळली. पेटी गावात आली तेव्हा शाळेच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे मोबाईल वर. अक्कांनी एकदाच विचारलं, तोंड बघायला मिळंल का? सोबत आलेले साहेब खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "ताई, नका बघू." अक्का बरं म्हणाल्या. पेटीला हात लावला आणि बाजूला झाल्या. बायका गळ्यात पडून रडत होत्या. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

सुतक फिटल्यावर मटणाकोंबडीचं जेवण करून दुखवटा मोडायचा, अशी आमच्याकडे रीत. कापायला गल्लीतल्या कुणाला तरी बोलावू, असं सासूबाई म्हणाल्या. अक्कांनी ऐकलं नाही. "आपल्या घरचं काम हाय," एवढंच बोलल्या आणि डालगं उचललं. नेहमीसारखंच कापलं, नेहमीसारखंच धरलं. पिसं काढताना माझं लक्ष गेलं, पाण्यातून चटका बसेल एवढी वाफ निघत होती आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत आत. बोटं लालबुंद झाली होती. मी घाईने घागरीतलं गार पाणी ओतलं. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "का गं?"

वर्षभराने त्या मिरजेला दिलेल्या आपल्या लेकीचं बाळ सांभाळायला निघाल्या. मी फाट्यावर सोडायला गेले. एसटीला उशीर होता. ऊन चढलेलं, आजूबाजूला कुणी नाही. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं, "आवं अक्का, तुमी रडला न्हाई कवाच. का वो?"

त्यांनी रस्त्याकडे बघत पिशवी पायाशी ओढून घेतली.

"मी त्यास्नी बघितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "पेटी बघितली. पेटीफुडं कसं रडायचं?"

एवढ्यात एसटी आली. मी पिशवी वर दिली. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. त्यांनी पदर सारखा केला, कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघाली.