सोनं आमचंच घ्या

मी सोन्याचे कण बनवायचे. डोळ्यांना न दिसणारे, काडीच्या आकाराचे. असे कण गाठीत सोडायचे, वरून लेझरचा प्रकाश टाकायचा, कण तापले की आजूबाजूच्या कॅन्सरच्या पेशी त्या उष्णतेनं मरतात. सांगायला सोपं. माझ्या काड्या मात्र सहा महिने जमतच नव्हत्या. काड्यांऐवजी गोल कण व्हायचे, द्रावण गुलाबी दिसायला लागायचं आणि मी ते मुकाट्यानं टाकाऊच्या बाटलीत ओतायचे.

नागपूरच्या प्रयोगशाळेत तेव्हा मी एकटीच उरले होते. बरोबरची मैत्रीण नोकरी लागून हैदराबादला गेली होती. माझे मार्गदर्शक सर आठवड्यातून एकदा यायचे. जानेवारीच्या थंडीत साबणासारखं एक रसायन बाटलीत पांढरं गोठून बसायचं, ते कोमट पाण्यात धरून विरघळवण्यात सकाळ जायची. दिवसभरात बोलणं व्हायचं ते गेटवरच्या चौकीदाराशी, तेही सही करताना.

एका रविवारी द्रावणाला हवा तसा तपकिरी-जांभळा रंग आला. लेझर लावला. पाच मिनिटांत पारा पंचवीसवरून अठ्ठेचाळीसवर गेला. मी उठून उभी राहिले, पण सांगणार कोणाला? कामठीला आईला फोन लावला.

"आई, जमलं."

"म्हणजे कॅन्सरचं औषध झालं?"

"तसंच समज," मी म्हणाले. समजावून सांगायचा मला तेव्हा धीर नव्हता. आईनं ते गल्लीभर केलं.

पुढच्या आठवड्यात चौकीदारानं मला खाली बोलावलं. पारशिवनीकडचं एक शेतकरी जोडपं आलं होतं, आमच्या कामठीच्या शेजारणीच्या नात्यातलं. बाईंना स्तनाचा कॅन्सर होता. नागपुरातच उपचार चालू होते, डोक्याला रुमाल बांधलेला होता. त्यांच्या नवऱ्यानं खिशातून एक पुडी काढून माझ्यासमोर उघडली. आत कानातल्यांचा जोड.

"तुमच्याजवळ सोन्याचं औषध बनते म्हणे. सोनं आमचंच घ्या. हिचंच आहे."

बाईंचे कान मोकळे होते. मी सांगितलं की हे अजून परीक्षानळीतच आहे, माणसाला देता येत नाही.

"मंग कवा येईन?"

"माहीत नाही, काका. खूप वर्षं लागतील. तुमचे डॉक्टर देतात ते थांबवू नका."

ते पुडीकडेच बघत राहिले. बाई म्हणाल्या, "काहून त्या पोरीले तंग करून राहिले? ठेवा ते." मग माझ्याकडे वळल्या. "मले पाहू तं दे वं, कसं असते ते."

मी त्यांना वर नेलं. काका दाराबाहेरच थांबले. मैत्रिणीचा काळा चष्मा खणात पडून होता, तो मी बाईंना घातला. लेझर सुरू केला. त्या वाकून थर्मामीटरचे आकडे मोठ्यानं वाचू लागल्या. तीस. चौतीस. चाळीस झाल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तापलं वं! खरंच तापलं!" त्या रविवारी कोणीतरी असंच ओरडायला हवं होतं मला.

मशीन बंद झाल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली. रिकाम्या खुर्च्या, भिंतीला लागलेली टेबलं.

"एवढ्या जागेत एकटीच राहतं?"

"हो."

"अन् बोलतं कोणाशी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. जाताना माझा नंबर मागून घेतला.

त्या संध्याकाळी मी आईवर चिडले. ती एवढंच म्हणाली, "लोक विचारतात पोरगी काय करते. मी काय सांगू?"

दर रविवारी बाईंचा फोन यायचा. "तापलं का आज?" कधी तापलेलं असायचं, कधी नाही. त्या त्यांच्या शेकाचं, म्हणजे रेडिएशनचं, सांगायच्या, तोंडाची चव गेल्याचं सांगायच्या, मी जेवले का ते विचारायच्या. दोन-तीन मिनिटांचं बोलणं, पण मी तेवढ्यासाठी रविवारीही प्रयोगशाळेत जाऊ लागले.

उन्हाळ्यात फोन यायचे थांबले. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मीच लावला. काकांनी उचलला.

"गेली ती. पंधरा दिवस झाले."

मला रडू आलं. मी त्यांना धीर द्यायचा, त्याऐवजी तेच मला म्हणाले, "नका रडू तुम्ही. तिले तुमचं लय कौतुक होतं."

त्यानंतरही फोन कोणीच ठेवला नाही. वीज आली असावी, पलीकडे विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले, "लाइन आली. वावरात पाणी सोडाचं आहे."