रामीची टाच

पोशेऱ्याच्या पाड्यावर असा पाय शोधून सापडायचा नाही, जो रामीने कधी मांडीवर घेतला नसेल. काटा रुतला, चिखलात टाच भेगाळली, की माणूस लंगडत तिच्या ओट्यावर यायचा. ती सुईने काटा काढायची, बिब्बा तापवून त्याचं तेल ठिपक्याएवढं लावायची आणि वर चार शिव्या हासडायची. डॉक्टरांना बिब्बा पसंत नाही हे तिला ठाऊक होतं. तिलाही सगळे डॉक्टर पसंत नव्हतेच.

पण नवऱ्याच्या, लहान्याच्या पाठीवर काळं, खरबरीत काहीतरी वाढलं, तेव्हा तिने बिब्ब्याचं नाव काढलं नाही. जव्हारला कातडीच्या डॉक्टरीणबाई तपासायला येतात असं कळताच तिने त्याला हाताला धरून एसटीत बसवलं.

डॉक्टर प्रांजल यांनी भिंगाखाली पाठ पाहिली. वयोमानाने येते तसली साधी चामखीळ आहे, काही करायला नको, म्हणाल्या. लहान्या छाती फुगवून सदरा घालू लागला. रामीचा जीव भांड्यात पडला आणि ती बाकावर पाय वर घेऊन ऐसपैस बसली. बाईंची नजर तिच्या टाचेवरच्या काळ्या डागावर गेली.

“बिब्ब्याचा डाग हाय तो,” रामीने सांगितलं.

“कधी लावला होता?”

ती आठवू लागली. यंदाच्या भाताच्या आवणीआधी, रोपं लावायच्या आधी नाही, गेल्या वर्षीच्या.

“बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर महिना-दीड महिन्यात जातो, आजी. हा वाढलाय.”

हे रामीहून जास्त कुणाला माहीत असणार? पाड्यावरचे असे शेकडो डाग तिने जाताना पाहिले होते. स्वतःची टाच तेवढी पाहायची राहिली होती.

तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. तो बिब्ब्याने झाला नव्हता, बिब्ब्याच्या नावाखाली लपला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाताना रामीला मरणापेक्षा पायाची भीती होती. पाय कापला तर आवणीला चिखलात उभं कसं राहायचं? ती वाटभर तेच विचारत होती. लहान्याला बोलायला कधीच जमलं नव्हतं.

“नाय रायला पाय, तर मी तुला पाठीवर घेईन,” तो म्हणाला. “पाठ चांगली हाय माझी. डॉक्टरीणच बोलली ना.”

पाय राहिला. रोग वेळेत सापडला होता. टाचेचा तेवढा भाग काढून डॉक्टरांनी तिथे मांडीची कातडी बसवली. घरी सोडताना बजावलं, की दर महिन्याला कुणीतरी तळवे नीट बघायचे.

कुणीतरी म्हणजे कोण? नवऱ्याने बायकोचे पाय धरायची रीत पाड्यावर नाही. सून जयश्री म्हणाली, मी बघेन. लहान्याने ऐकलं नाही. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओट्यावर दोघं-तिघं आपल्या भेगा घेऊन बसलेले असताना, त्याने रामीचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि उन्हाकडे वळवला.

“लोकं बघतात,” ती पुटपुटली.

“बघू दे. इतकी वर्सं तू समद्यांचे पाय बघितले. तुझा बघाया मी एकटा होतो, नि मी नाय बघितला.”

नवा डाग नव्हता. तरी त्याने पाय लगेच खाली ठेवला नाही, आणि रामीनेही मागे ओढला नाही.